मिसिसिपीकाठची मातीची टेकाडं आणि ‘नाहीसे झालेले’ लोक

आजचा आपला विषय उत्तर अमेरिकेतला आहे. अमेरिकेचा इतिहास म्हटला की आपल्याकडे गोष्ट कोलंबसापासून, म्हणजे १४९२ पासून सुरू होते. त्याआधीचं काही आठवलंच, तर मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक आणि माया, पेरूतले इंका. आज जिला आपण ‘अमेरिका’ म्हणतो त्या देशाच्या भूमीवर तेव्हा नुसती जंगलं, गवताची मैदानं आणि शिकारीमागे फिरणाऱ्या टोळ्या होत्या, असं चित्र सिनेमांनी आपल्या मनात पक्कं करून ठेवलेलं आहे. ते चित्र बरोबर नाही. आणि ते तयार कसं झालं, हाही आजच्या विषयाचाच भाग आहे.

आज आपण ज्या लोकांबद्दल बोलणार आहोत त्यांना अभ्यासक ‘मिसिसिपियन’ म्हणतात. हे नाव त्यांचं स्वतःचं नव्हे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात त्यांच्या मोठ्या वसाहती सापडल्या म्हणून ते दिलेलं आहे. साधारण इसवी सन ८०० ते १६०० हा त्यांचा काळ. ही एक टोळी किंवा एक राज्य नव्हतं. अनेक भाषा बोलणारे, अनेक सरदारांच्या हाताखालचे हे लोक होते. पण मक्याची शेती, मधोमध चौक, चौकाभोवती मातीची मोठमोठी टेकाडं आणि त्या टेकाडांवर सरदाराचं घर किंवा देऊळ, ही रचना त्यांच्यात समान होती.

‘टेकाड’ या शब्दाबद्दल एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे गावाबाहेर पांढरीचं टेकाड असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या घरं पडत गेली आणि त्यावर नवी बांधली गेली म्हणून उंच झालेलं असतं. कोणी ते मुद्दाम बांधलेलं नसतं. मिसिसिपीकाठची टेकाडं मात्र जाणूनबुजून, माप धरून बांधलेली आहेत. बरीचशी वरून सपाट, म्हणजे पिरॅमिडचं टोक कापून टाकावं तशी. काही शंकूसारखी, काही लांबट कौलारू छपरासारखी. ही परंपरा मिसिसिपियन लोकांनीच सुरू केली असंही नाही. लुइझियानातलं पॉव्हर्टी पॉइंट हे मातीकामाचं ठिकाण तीन हजार वर्षांपेक्षाही जुनं आहे.

या सगळ्यातलं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे काहोकिया. आजच्या सेंट लुइस शहरासमोर, मिसिसिपीच्या पूर्व बाजूला, इलिनॉय राज्यात ते आहे. मिझुरी आणि इलिनॉय या दोन मोठ्या नद्या मिसिसिपीला मिळतात ते संगम इथून जवळच. म्हणजे होड्यांच्या वाहतुकीचं हे नाकंच म्हणायचं. ‘काहोकिया’ हे नावही नंतरचं. सतराव्या शतकात फ्रेंच इथे आले तेव्हा परिसरात राहणाऱ्या एका जमातीचं ते नाव होतं. नगर बांधणाऱ्यांना लिपी नव्हती, त्यामुळे त्यांनी आपल्या नगराला काय म्हटलं ते कुठेही नोंदलेलं नाही.

इथे सुमारे १२० टेकाडं होती. त्यांतलं मुख्य टेकाड आज ‘मंक्स माउंड’ म्हणून ओळखलं जातं, कारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही ख्रिस्ती मठवासी त्याच्या शेजारी राहत होते. उंची सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. पायथा सुमारे २९० मीटर लांब आणि २३५ मीटर रुंद. इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडच्या पायथ्यापेक्षा हा पायथा मोठा आहे. आता लक्षात घ्या, या लोकांकडे चाक नव्हतं, बैल नव्हता, घोडा नव्हता, लोखंड नव्हतं. माती खणायची ती दगडी कुदळीने आणि वाहायची ती टोपलीतून, पाठीवर. सहा लाख घनमीटरहून अधिक माती, आणि टोपल्यांचा हिशोब केला तर तो १ कोटी ४० लाखांच्या घरात जातो.

पण टेकाड म्हणजे मातीचा ढीग नव्हे. नुसती माती टाकत गेलं तर पावसाळ्यात सगळं खाली बसेल. त्यांनी चिकणमाती, वाळू आणि गाळ वेगवेगळ्या थरांत वापरले. चिकणमाती पाणी धरते आणि फुगते, वाळूतून पाणी निघून जातं. या दोन्हींचा मेळ घातला म्हणून हे टेकाड आज जवळपास ९०० वर्षांनंतरही उभं आहे. टेकाडापुढचा मोठा चौक सुमारे ५० एकरांचा. तिथली मूळची जमीन उंचसखल होती. ती त्यांनी भरून, कापून सपाट केली. पश्चिमेला लाकडी खांबांची मोठी वर्तुळं होती, त्यांना आता ‘वुडहेंज’ म्हणतात. १९६१ मध्ये महामार्गाच्या कामाआधी जे उत्खनन झालं त्यात या खांबांचे खड्डे मिळाले. वर्तुळाच्या मध्यापासून पाहिलं तर विषुवदिनी सूर्य मंक्स माउंडच्या बाजूने वर येताना दिसे.

हे सगळं हळूहळू वाढत गेलं का? तर नाही, आणि हीच यातली विशेष गोष्ट. इसवी सन १०५० च्या सुमारास इथलं जुनं गाव अक्षरशः मोडून नव्या आखणीने नगर उभं केलं गेलं, आणि लोकसंख्या एक-दोन पिढ्यांत कितीतरी पट वाढली. भरभराटीच्या काळात नगरात १० ते २० हजार लोक असावेत असा अंदाज आहे. इतकी वाढ नुसत्या जन्मांनी होत नाही. इथे पुरलेल्या लोकांच्या दातांचा रासायनिक अभ्यास झाला आहे. लहानपणी ज्या भागातलं अन्नपाणी पोटात गेलं त्याची खूण दातांत राहते. त्यावरून तपासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक बाहेरून आलेले निघाले. म्हणजे काहोकिया हे स्थलांतरितांचं नगर होतं.

लोक का आले? पोट हे एक उत्तर. इसवी सन ९०० नंतर या भागात मका हे मुख्य पीक झालं. त्याच्या जोडीला भोपळा, सूर्यफूल आणि आपल्या चाकवताच्या जातीची काही बियाणंही पिकत. पूरमैदानातली सुपीक गाळाची जमीन, नदीत मासे, आकाशात बदकांचे थवे आणि बाजूच्या रानात हरणं. पण धान्य काही फक्त इथेच पिकत नव्हतं. त्यामुळे दुसरं उत्तरही घ्यावं लागतं, ते म्हणजे सोहळा. चौकाजवळच्या एका मोठ्या खड्ड्यात मेजवान्यांचे अवशेष थरांनी साठलेले मिळाले आहेत. हरणांची हाडं, फुटकी भांडी, तंबाखूच्या बिया. ‘चंकी’ नावाचा खेळ होता. एक गुळगुळीत दगडी चकती घरंगळत सोडायची आणि ती जिथे थांबेल असं वाटतं त्या रोखाने काठी फेकायची. पुढच्या काळात या खेळावर लोक घरदार पणाला लावत अशी युरोपीय प्रवाशांची वर्णनं आहेत. मेक्सिकोच्या आखातातले शिंपले, उत्तरेच्या मोठ्या सरोवरांकडचं तांबं, अ‍ॅपलेशियन डोंगरांतला अभ्रक हे सगळं इथे येत होतं. ज्याला आपण तीर्थक्षेत्र, राजधानी आणि जत्रा असं वेगवेगळं म्हणतो, ते इथे एकाच ठिकाणी होतं.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणं बरं नव्हे. मंक्स माउंडच्या दक्षिणेला एक लहानसं टेकाड आहे, क्रमांक ७२. मेल्व्हिन फाउलर यांनी १९६७ ते १९७१ या काळात ते उकरलं. त्यात शिंपल्यांच्या सुमारे २० हजार मण्यांच्या थरावर मानाने पुरलेले देह मिळाले. त्याच टेकाडात एका खड्ड्यात ५३ सांगाडे होते, बहुतेक तरुण स्त्रियांचे, दोन थरांत नीट रचलेले. दुसरीकडे चार पुरुष, ज्यांची मुंडकी आणि हात नाहीत. आणखी एका खड्ड्यात ३९ स्त्री-पुरुष, ज्यांना हिंसेने मारलं होतं. एकूण २५० हून अधिक माणसं. त्या तरुण स्त्रियांच्या हाडांची तपासणी सांगते की त्यांच्या खाण्यात मका जास्त आणि मांस कमी होतं. मानाने पुरलेल्यांचं नेमकं उलट. म्हणजे एकाच नगरात कोण काय खात होतं आणि कोण कोणासाठी मरत होतं, याची वाटणी झालेली होती. ज्या हातांनी कोटभर टोपल्या वाहिल्या ते सगळे आनंदाने वाहत होते असं मानायला आधार नाही. आणि सगळे जबरदस्तीनेच वाहत होते असंही नाही. आपल्याला दोन्ही शक्यता एकत्र धराव्या लागतात.

आता ऱ्हासाकडे येऊ. इसवी सन ११७५ च्या सुमारास नगराच्या मध्यभागाभोवती लाकडी तटबंदी उभी राहिली. लांबी सुमारे ३ किलोमीटर, ठरावीक अंतरावर बुरूज, एका वेळच्या बांधणीला सुमारे २० हजार ओंडके. आणि ती नंतर तीन वेळा पुन्हा बांधली गेली. सव्वाशे वर्षं ज्या नगराला तटाची गरज वाटली नाही, त्याला ती आता वाटू लागली. शत्रू बाहेरचा होता की तट आतल्या श्रेष्ठींना आतल्याच सामान्यांपासून वेगळं करण्यासाठी होता, यावर अभ्यासकांचा वाद आहे. बाराशेच्या आसपास मिसिसिपीला मोठा पूर आल्याची खूण जवळच्या सरोवरांच्या गाळात मिळते. त्याआधीच्या शतकांमध्ये असे मोठे पूर जवळजवळ आले नव्हते. त्याच सुमारास पाऊसमानही बदललं, काही दशकं अवर्षणाची गेली. तेराव्या शतकात माणसं कमी होत गेली आणि १३५० च्या सुमाराला नगर ओस पडलं.

याचं कारण काय, यावर एक उत्तर अनेक वर्षं फार लोकप्रिय होतं. या लोकांनी सरपणासाठी आणि तटबंदीसाठी रान तोडलं, उघड्या टेकड्यांवरून माती वाहून आली, ओढे भरले, पूर आले आणि नगर बुडालं. १९९३ मध्ये हे गृहीतक मांडलं गेलं. ऐकायला ते अगदी पटतं. निसर्गाशी खेळाल तर बुडाल, हा बोध आपल्या काळाला हवाच असतो. पण २०२१ मध्ये केटलिन रँकिन यांनी ओढ्याकाठच्या एका टेकाडाच्या पायथ्याशी मातीचे थर तपासले. गृहीतक खरं असतं तर तिथे पुराच्या गाळाचे थर मिळायला हवे होते. ते मिळाले नाहीत. काहोकियाच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली जमीन स्थिर होती. लोकांनी झाडं तोडली नाहीत, असं यातून सिद्ध होत नाही. तोडीमुळे असा पूर आला, एवढं मात्र या जागी खरं ठरत नाही. आम्हाला यातली शिस्त महत्त्वाची वाटते. आपल्या काळाची भीती कितीही रास्त असली, तरी ती आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या नावावर टाकण्याआधी माती उकरून पाहावी लागते.

मग आपल्या हाती काय उरतं? एकच एक कारण उरत नाही. पूर, अवर्षण, संघर्ष, श्रेष्ठींवरचा उडालेला विश्वास, या सगळ्यांनी मिळून असं झालं की इथे राहण्यापेक्षा जाणं बरं, असं एकेका कुटुंबाला वाटू लागलं. आणि हे लोक मुळात आलेलेच होते. येणाऱ्याला जाण्याची वाट माहीत असते.

इथे आम्ही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची सवय म्हणून एक शब्द सोडवून पाहू इच्छितो. ‘मिसिसिपियन लोकांचा ऱ्हास झाला’ या वाक्यात ऱ्हास नेमका कशाचा? नगराचा, नगर चालवणाऱ्या सत्तेचा, की लोकांचा? तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. काहोकिया ओस पडलं त्या काळातही अ‍ॅलाबामातलं माउंडव्हिल आणि जॉर्जियातलं एटोवा नांदत होतं. आणि काहोकियाच्या परिसराचं म्हणाल, तर तिथल्या हॉर्सशू सरोवराच्या गाळाचा एक मजेदार अभ्यास झाला आहे. माणसाच्या विष्ठेतला एक घटक पाण्याबरोबर वाहून सरोवराच्या तळाशी साठतो आणि शतकानुशतकं टिकतो. गाळाच्या कुठल्या थरात तो किती, यावरून त्या काळी आसपास माणसं किती ते ताडता येतं. त्यातून दिसलं की १५०० नंतर या भागात माणसं पुन्हा वाढली. ती नवी वस्ती होती, टेकाडं बांधणारी नव्हे, पण रान रिकामं नव्हतं.

मोठा आघात पुढे बाहेरून आला. १५३९ मध्ये स्पॅनिश सरदार एर्नान्दो दे सोतो सुमारे ६०० माणसं, घोडे आणि डुकरांचे कळप घेऊन फ्लोरिडात उतरला. चार वर्षं ही फौज आग्नेय अमेरिकेत फिरली. तिच्यासोबतच्या लोकांच्या लिखाणात टेकाडांवर राहणारे सरदार आहेत, मक्याने भरलेली कोठारं आहेत, पालखीतून येणारी कोफिताचेकीची स्त्री-प्रमुख आहे. या फौजेने कोठारं लुटली, माणसं साखळदंडात घातली. १५४० च्या ऑक्टोबरात माबिला इथे भीषण लढाई झाली. १५४२ मध्ये दे सोतो मिसिसिपीकाठी मेला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत युरोपातून आलेले रोग आणि गुलामांसाठी होणारे छापे यांनी गावंच्या गावं रिकामी केली.

आणि तरीही, सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंच लोक नॅचेझ जमातीत राहिले तेव्हा टेकाडांचा समाज त्यांना जिवंत पाहायला मिळाला. नॅचेझांचा प्रमुख ‘महान सूर्य’ म्हणवला जाई आणि टेकाडावर राही. गादी त्याच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जाई. १७२५ मध्ये त्याचा भाऊ वारला तेव्हा त्याच्या पत्नी आणि सेवकांनाही त्याच्याबरोबर मृत्यू देण्यात आला. क्रमांक ७२ च्या टेकाडातले खड्डे इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १७२९ मध्ये जमिनीच्या वादातून नॅचेझांनी फ्रेंचांवर हल्ला केला. फ्रेंचांनी त्यांना मोडून काढलं आणि शेकडोंना गुलाम म्हणून कॅरिबियनमधल्या सँ-दोमँगला, म्हणजे आजच्या हैतीला विकलं. जे निसटले ते चिकसॉ, क्रीक, चेरोकी या शेजाऱ्यांत मिसळले.

म्हणजे ‘हे लोक’ दिसत होते. कागदावर नोंदलेले होते. असं असताना शंभरेक वर्षांत अशी समजूत कशी पसरली की टेकाडं बांधणारे कोणी वेगळेच होते आणि ते नाहीसे झाले?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन वसाहतवाले ॲपलेशियन ओलांडून पश्चिमेकडे सरकू लागले तेव्हा त्यांना हजारो टेकाडं दिसली. इतकं मोठं काम इथल्या ‘रानटी’ लोकांच्या पूर्वजांनी केलं हे मानायची तयारी नव्हती. मग फिनिशियन, वेल्श, इस्राएलच्या हरवलेल्या जमाती, असे नाना उमेदवार पुढे आले. गोष्टीचा सांगाडा एकच होता. एक सुसंस्कृत वंश इथे राहत होता आणि आजच्या इंडियनांनी त्याचा संहार केला. ही नुसती करमणूक राहिली नाही. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी इंडियनांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात त्यांनी पश्चिमेतल्या या प्राचीन बांधकामांचा दाखला दिला. एक बलाढ्य वंश सध्याच्या जमातींना जागा करून देत नष्ट झाला, तसंच आता या जमातींनी जावं, हा जगाचा क्रमच आहे, अशी त्या युक्तिवादाची चाल होती.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहा. ‘तुम्हीही कोणाला तरी हुसकावूनच आलात’ हे एकदा मानलं की हुसकावणं अन्याय उरत नाही, तो निसर्गनियम होतो. इतिहासाची एक खोटी गोष्ट इथे जमिनीच्या खरेदीखतासारखी वापरली गेली. आणि ज्यांना हुसकावलं ते कोण? चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी. यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज हेच टेकाडं बांधणारे. मिसिसिपी राज्यातलं नानिह वाइया हे टेकाड चोक्टॉ लोक आपली आई मानतात. आईच्या अंगणातून लेकरांना काढताना सांगितलं गेलं की ही आई तुमची नव्हेच.

आधी कोणी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियात एक दफन-टेकाड शिस्तीने उकरून पाहिलं आणि १७८० च्या दशकात त्याबद्दल लिहिलं. व्हर्जिनियातलं हे टेकाड मिसिसिपियनांचं नव्हे, दुसऱ्या लोकांचं. पण त्यांनी नोंदलेली एक हकीगत फार बोलकी आहे. तीसेक वर्षांपूर्वी इंडियनांचा एक जथा त्या भागातून जात होता. कोणालाही वाट न विचारता ते रानातून थेट त्या टेकाडाशी गेले, काही वेळ तिथे दुःख करत थांबले आणि मग लांबवरच्या आपल्या रस्त्याला परत लागले. टेकाड कोणाचं, हे त्या जथ्याला ठाऊक होतं.

अखेर १८९४ मध्ये सायरस थॉमस यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ते स्वतः ‘हरवलेल्या वंशा’च्या बाजूचे होते. हजारो टेकाडांची पाहणी केल्यावर त्यांनी निष्कर्ष दिला की ही टेकाडं अमेरिकन इंडियनांच्या पूर्वजांनीच बांधली. पण तोवर लोकांना हुसकावून साठ वर्षं होऊन गेली होती. सेंट लुइस शहराचं टोपणनाव ‘टेकाडांचं शहर’. तिथलं मोठं टेकाड १८६९ पर्यंत खणून संपवलं, त्याची माती रेल्वेच्या भरावाला गेली.

आज काहोकिया जागतिक वारशाच्या यादीत आहे, १९८२ पासून. २००९ मध्ये ओसेज राष्ट्राने सेंट लुइसमधलं शुगरलोफ टेकाड विकत घेतलं. ओसेज, ओमाहा, क्वापॉ या जमाती काहोकियाशी आपलं नातं सांगतात. ओक्लाहोमात राहणाऱ्या लोकांना आपल्या पूर्वजांचं टेकाड रोख पैसे देऊन सोडवावं लागलं, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेऊ.

तेव्हा यापुढे कोणी ‘ते लोक नाहीसे झाले’ असं म्हणालं, तर आपण दोन प्रश्न विचारायचे. नाहीसं काय झालं, नगर की माणसं? आणि ते नाहीसे झाले असं मानल्याने जमीन कोणाला मिळाली? काहोकियाचं नगर संपलं. त्याला बरीच कारणं होती, आणि ती अजून शोधली जात आहेत. लोक मात्र उठून दुसरीकडे गेले, नव्या नावांनी राहिले, आणि त्यांची पणतवंडं आजही आपली हकीगत स्वतः सांगत आहेत. ती ऐकण्यापासून या इतिहासाचा पुढचा अभ्यास सुरू होतो.

इथे थांबतो.